टेलचा अशील

कळमनुरीच्या कोर्टात एक तरुण वकील होते. नाव सांगत नाही. आपल्याकडे नाव सांगितलं की पुढचा प्रश्न आडनावाचा, त्यापुढचा पाहुण्यारावळ्यांचा, आणि गोष्ट राहते बाजूला. त्यांना आपण धाकटे वकील म्हणू, कारण ज्यांच्या हाताखाली ते तयार झाले ते थोरले वकीलही या गोष्टीत आहेत.

धाकटे वकील हुशार होते. उलटतपासणीत साक्षीदाराला घाम फोडायचे आणि बाहेर आल्यावर त्याच साक्षीदाराला चहा पाजायचे. तारीख घ्यायला आलेला अशील जाताना पोरीच्या लग्नाची पत्रिका देऊन जायचा. अशा माणसाला एक दिवस आपण आमदार व्हावं असं वाटू लागलं तर नवल नाही. काळ्या कोटाला हा आजार जरा लवकरच जडतो. आयुष्यभर दुसऱ्याची बाजू मांडणाऱ्याला कधीतरी वाटतंच, की आता आपलीही कुणी ऐकावी.

विधानसभेचे वारे सुरू झाले तसे हिंगोली रस्त्यावर फ्लेक्स लागले. हात जोडलेले धाकटे वकील, वर नेत्यांचे गोल फोटो, आणि ‘भावी आमदार’ ही अक्षरं फोटोपेक्षा मोठी. सभा कसलीही असो, वाढदिवसाची किंवा भजनी मंडळाला टाळ वाटायची, त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं: “शंकरराव चव्हाणसाहेबसुद्धा वकीलच होते. मराठवाड्यातला पहिला मुख्यमंत्री वकिलीतूनच वर आला.” टाळ्या पडायच्या. वाक्य खरंही होतं.

तिकिटासाठी पक्षाला माणसं दाखवावी लागतात. ती माणसं पाटलांकडे होती. पाटील म्हणजे इसापूरच्या कालव्यावरच्या एका चारीच्या अगदी तोंडाशी रान असलेले मोठे बागायतदार. ऊस, हळद, मधे केळीचा तुकडा. तीन गावांत त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी चारीचं गेट काढून बाजूला ठेवलं होतं आणि चारीतच दोन मोठे पाइप टाकले होते. खालच्या शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या, पाइप काढा म्हणून पाटलांना नोटीस आली, आणि पाटील ती नोटीस घेऊन धाकट्या वकिलांकडे आले.

“वकीलसाहेब, एक मनाई हुकूम काढून द्या. बाकी आपलं ठरलेलंच आहे.”

धाकट्या वकिलांनी दावा लिहायला घेतला आणि मन लावून लिहिला. पाइप किती जुने, पीक किती नाजूक, पाणी तोडलं तर होणारं नुकसान पैशात कसं भरून येणार नाही, सगळं आलं. दाखल करायच्या आदल्या दिवशी सवयीनं मसुदा घेऊन ते थोरल्या वकिलांकडे गेले.

थोरले आता केस चालवत नसत. बार रूममध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत बसत. त्यांनी मसुदा पेन्सिल हातात धरून वाचला. पेन्सिल फक्त एका कॉमाशी थांबली.

“दावा झकास आहे,” ते म्हणाले. “तूर्तातूर्त मनाई मिळून जाईल. पण मला एक सांग, तू भाषणात शंकररावांचं नाव घेतोस म्हणे.”

“हो सर. आपल्या भागातला नजीर आहे.”

“निवाडा पूर्ण वाचलास, की नुसती हेडनोट?”

धाकटे हसले. वकिलांना हे बोलणं झोंबतं, कारण निवाडा पूर्ण वाचायला वेळ कुणाला असतो? वर छापलेल्या चार ओळी वाचायच्या आणि कोर्टापुढे ठोकून द्यायच्या, हे सगळेच करतात. समोरच्यानं पान उलटलं तर पंचाईत.

“उद्याच्या ऐवजी परवा दाखल कर,” थोरले म्हणाले. “उद्या गाडी काढ. रब्बीची पहिली पाळी सुटलीय. चारी बघून येऊ. जागा न बघता दावा लिहू नये, हे तुला मीच शिकवलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाले. आधी थोरल्यांनी गाडी इसापूरच्या धरणाकडे घ्यायला लावली. धाकट्यांना ते धरण सहलीपुरतं माहीत होतं. पैनगंगेवरची चार किलोमीटरहून लांब भिंत, पलीकडे पाणीच पाणी. या बाजूला हिंगोली जिल्ह्याचा कळमनुरी तालुका, त्या बाजूला यवतमाळचं पुसद.

“ही नदी एकेकाळी सरहद्द होती,” थोरल्यांनी सुरुवात केली. “अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड. म्हणजे कागदोपत्री वऱ्हाडही निजामाचंच, पण कारभार इंग्रजांकडे. कागद एक आणि वहिवाट दुसरी, आपल्याकडच्या निम्म्या दाव्यांसारखं. शंकरराव मूळचे पैठणचे. जन्म 14 जुलै 1920. मद्रास विद्यापीठाचे बी.ए. आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे एलएल.बी. त्या काळी आपल्याकडच्या कोर्टाचं कामकाज उर्दूत चालायचं. अजून जुन्या इनामाच्या दाव्यात मुंतखब, म्हणजे इनामाचा उर्दू दस्त, निघाला, की आपण वाचणारा म्हातारा शोधत फिरतो, ते त्यामुळंच. तर वकिली सुरू केली, आणि बसते न बसते तोच निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांची हाक आली. शंकररावांनी कोर्ट सोडलं आणि नदीपलीकडे उमरखेडच्या कॅम्पवर गेले. तिथून निजामाविरुद्धचं काम चालायचं.”

“हे माहीत आहे सर. मुक्तिसंग्राम.”

“माहीत आहे म्हणजे 17 सप्टेंबरला झेंडावंदनाला जातोस. वकील म्हणून त्याचा हिशेब करून बघ. नवा वकील, हातात मोजके अशील. कोर्ट सोडलं की ते दुसऱ्याकडे जातात, आणि गेलेला अशील परत येत नाही. 1948 च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन होऊन निजाम शरण येणार, हे तेव्हा कुणाला माहीत होतं? माहीत नसताना सोडलं, याला सोडणं म्हणतात.”

धाकट्यांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष फोनकडे होतं. मुंबईहून मुलाखतीची तारीख येणार होती.

“नंतर काय झालं सांग,” थोरले म्हणाले.

“नंतर आमदार, मंत्री, मुख्यमंत्री.”

“ही हेडनोट झाली. नंतर ते पडले. 1952 च्या पहिल्याच विधानसभेला उभे राहिले आणि पडले.”

धाकट्यांनी फोन खिशात ठेवला.

“पडले, आणि नांदेडच्या नगरपालिकेत गेले. अध्यक्ष झाले. गटार, नळ, दिवाबत्ती, घरपट्टी. ज्या माणसानं पुढं अर्ध्या महाराष्ट्राच्या नद्या अडवायचं काम बघितलं, त्याचं पहिलं पाणी नगरपालिकेच्या नळाचं. 1956 ला द्विभाषिक मुंबई राज्य झालं, मराठवाडा त्यात गेला, आणि शंकरराव महसूल खात्याचे उपमंत्री झाले. 1960 ला महाराष्ट्र झाला आणि त्यांच्याकडे पाटबंधारे आणि वीज खातं आलं. त्या खात्याला ते दहा वर्षांहून जास्त चिकटून राहिले. आता एखादा मंत्री एका खात्यात अडीच वर्षं टिकला तर लोक सत्कार ठेवतात.”

भिंतीवर वारा होता. थोरल्यांनी मफलर घट्ट केला.

“अडीच वर्षांत धरण होत नाही, पाच वर्षांतही होत नाही. आपल्या औंढ्याकडचा सिद्धेश्वर घे, त्याच्या वरची येलदरी घे. पूर्णा नदीवरचं हे काम वर्षानुवर्षं चाललं आणि पुरं झालं 1968 ला. वसमतची हळद आणि ऊस दिसतो तो त्या पाण्यावर. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाया 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींच्या हातून घातला गेला. पुढं तीन महिन्यांच्या आत शास्त्रीजी गेले. धरणाचं लोकार्पण इंदिराबाईंनी केलं, 24 फेब्रुवारी 1976 ला. तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होऊन वर्ष झालं होतं. पाया घालताना खात्याचा मंत्री आणि लोकार्पणाला मुख्यमंत्री, असं फार कुणाच्या नशिबी येत नाही. तेही स्वतःच्या जन्मगावी. पण हे इसापूर बघ. हे 1982 ला पुरं झालं, तेव्हा ते दिल्लीत केंद्रीय मंत्री होते. आपण लावलेल्या झाडाचा आंबा आपल्याच हातात पडेल, असा हिशेब धरला असता तर ही भिंत उभी राहिली नसती.”

“म्हणूनच मी त्यांचं नाव घेतो, सर.”

“थांब, अर्धाच निवाडा झालाय. उरलेलाही वाच. आणीबाणीत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री तेच होते. तेव्हा तुरुंगात गेलेल्यांना विचार, ते वेगळा निकाल देतील. 1977 ला खुर्ची गेली. 1978 ला वेगळी चूल मांडली आणि शरद पवारांच्या पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या, सरकारात मंत्री झाले. आधी पवार त्यांच्या मंत्रिमंडळात होते, मग हे पवारांच्या. मुख्यमंत्री राहिलेल्या माणसाला ते कसं जमलं असेल? कुणी त्याला कामाची हौस म्हणेल, कुणी खुर्चीची. मी दोन्ही ऐकलंय. पुन्हा काँग्रेसमध्ये आले, दिल्लीत मोठमोठी खाती सांभाळली. 1992 ला बाबरी पडली तेव्हा देशाचे गृहमंत्री तेच होते. तो ठपकाही त्यांच्या खात्यावर आहे. आणि हे पाणी दिसतंय ना, त्याच्या पोटात गावं आहेत. देवळं, पाणवठे, चिंचा. ज्यांची गेली त्यांच्या घरात शंकररावांचा फोटो नसेल, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.”

थोरले थोडे थांबले. ते शंकररावांचे भक्त नव्हते. तरुणपणी त्यांनी विरोधी पक्षाचा झेंडा घेऊन प्रचार केला होता. ‘हेडमास्तर’ म्हणून शंकररावांची सगळीकडे ओळख होती आणि थोरल्यांना शाळेपासूनच हेडमास्तरांचं वावडं.

“पण एक गोष्ट मला मानावी लागते,” ते म्हणाले. “1986 ला ते दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. पहिल्यांदा खुर्ची गेलेली, तेव्हा शहाण्या माणसानं काय करावं? साखरवाल्यांशी जुळवून घ्यावं, सुखानं पाच वर्षं काढावी. यांनी काय केलं? कालव्याच्या पाण्यावरच्या उसाला बारमाही नको, आठमाही पाणी द्यायचं, वाचलेलं पाणी जास्त शेतांना पोचवायचं, हे धोरण धरलं. राज्यातल्या सगळ्यात बळकट माणसांच्या उसाचं पाणी कमी करायचं, आणि ते ज्याच्याकडे ना कारखाना ना संचालक अशा कोरडवाहूवाल्याला द्यायचं. 1988 च्या जूनमध्ये पुन्हा खुर्ची गेली. ती कशानं गेली याची कारणं दहा सांगतात, मी त्यात पडत नाही. आणि ते धोरण कागदावर आलं तेवढं रानात उतरलं नाही, हेही खरं. आता चल. तुझ्या अशिलाचं रान बघू.”

पाटलांचं रान बघण्यासारखंच होतं. हळदीची पानं छातीला लागत होती, इतकी गर्द की आत शिरलेलं माणूस दिसू नये. ऊस कांड्यावर आलेला. चारीत पाणी गळ्याला लागेल इतकं, आणि त्यात हत्तीच्या सोंडेसारखे दोन पाइप. काढलेलं लोखंडी गेट बांधावर आडवं पडलं होतं. त्याच्यावर कुणीतरी धुतलेली गोणपाटं वाळत घातली होती.

पाटील घरी नव्हते. गड्यानं चहा विचारला. थोरले म्हणाले, “येताना घेऊ.”

मग ते चारीच्या कडेनं खाली निघाले. गाडी जाईल तिथपर्यंत गाडीनं, पुढं पायी. पाणी आधी गुडघ्याएवढं झालं, मग घोट्याएवढं, मग नुसती ओल. धाकट्या वकिलांची वडिलोपार्जित दोन एकर याच चारीवर मधल्या भागात होती, बटईनं दिलेली. ती ओलांडताना त्यांनी तिकडं एकदा बघितलं. त्यापुढं ते कधी गेले नव्हते. पुढं चारीत वेड्या बाभळी माजल्या होत्या. अस्तराच्या फरशा उखडल्या होत्या आणि त्यांच्या फटीत खेकड्यांची बिळं. पाण्याची पातळी मोजायला भिंतीवर रंगवलेले आकडे होते. वरच्या भागात ते पाण्यानं पुसट झाले होते, इथं कालच रंगवल्यासारखे कोरे करकरीत. शेवटच्या गेटला दोन शेळ्या बांधल्या होत्या.

शेळ्यांचा मालक बांधावर बसून विडी ओढत होता. वय झालेला माणूस, पण काटक. थोरल्यांनी रामराम घातला आणि त्याच्याशेजारी खालीच बसले. धाकटे पँट सांभाळत उभे राहिले.

“मामा, पाणी येतं का हो इथवर?”

“येतं की,” मामा म्हणाले. “सपनात येतं.” आणि स्वतःच हसले. “नाही, तसं नाही साहेब. एकदा-दोनदा येतं, रातच्याला. वरचे झोपले की मग येतं. आपुन कंदील घेऊन बसावं, तर पहाटं दोन वाफे भिजत्यात. तेवढ्यात वरचा उठतो.”

“अर्ज करता का?”

मामा उठले आणि झोपडीतून प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. तिच्यात पावत्या होत्या, घडी घालून, वर रबर लावून. दर वर्षी भरलेल्या नमुना नंबर सातच्या पोचा. मिळालेल्या पाण्याचीसुद्धा नाही, मागितलेल्या पाण्याची पट्टी. एका पावतीवर हळदीचा पिवळा अंगठा उमटला होता.

“हे कशाला जपून ठेवता?” धाकट्यांनी पहिल्यांदाच विचारलं. “याचा उपयोग काय?”

“उपेग?” मामा जरा गोंधळले. “उद्या कुणी म्हणलं, तू मागितलंच नाहीस, तर दाखवाया नको का?”

धाकटे वकील गप्प झाले. बारा-बारा साक्षीदार उलटे-पालटे करणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न सुचेना. पुरावा जपून ठेवलाय, आणि कोर्टच नाही, अशी केस त्यांच्यासमोर कधी आली नव्हती.

मामांची हळद एकरभर असेल. पानांच्या कडा करपल्या होत्या आणि सुरळी होऊन मिटल्या होत्या. मामांनी एक गड्डा उकरून दाखवला. बोटाएवढी कांडी, तीही पोचट. “शिजवायचा खर्च निघंना यात,” ते म्हणाले. ते सांगणं तक्रारीचं नव्हतं, हवापाण्याचं बोलावं तसं होतं.

“वरच्या पाटलांवर राग येत असेल,” थोरल्यांनी मुद्दाम खडा टाकला.

“राग कामून यावा? दारातून पाणी चाललंय आन् माणूस हात धुणार न्हाई का? मी तिथं असतो तर मीबी घेतलं असतं.” मामांनी विडी विझवली. “पर गेट कुणीतरी लावाया पाहिजे ना, साहेब. त्यानं कशाला लावावं, त्याचं काय अडलंय? आन् माझं अडलंय, तर माझा हात तिथवर पोचत न्हाई.”

परत येताना बराच वेळ कुणी बोललं नाही. मग धाकटे म्हणाले, “सर, धरण त्यांनी बांधलं, आणि पाणी तर टेलला, चारीच्या शेवटच्या टोकाला, पोचलंच नाही. मग काय उपयोग?”

“भिंत बांधायला मंत्री लागतो,” थोरले म्हणाले. “त्याला निधी लागतो, मंजुरी लागते, दिल्ली लागते. ते एका माणसानं त्याच्या वेळेला केलं. गेट लावायला मंत्री लागत नाही. म्हणून ते कुणीच लावत नाही. तुला शंकररावांचा नजीर हवाय ना, मग कुठल्या मुद्द्यावर हवाय ते ठरव. ते मुख्यमंत्री झाले या मुद्द्यावर तो तुला लागू होईल की नाही, मला सांगता येत नाही. पडल्यावर नगरपालिकेत गेले, या मुद्द्यावर मात्र कुणालाही लागू होतो. तिथं गर्दीही नसते.”

पाटलांचा चहा घ्यायचा राहून गेला.

धाकट्या वकिलांचं त्या रात्री हृदयपरिवर्तन वगैरे झालं, असं मी लिहिणार नाही. बोधकथेत ते एका रात्रीत होतं. माणसाला वेळ लागतो. त्यांनी आधी मधला मार्ग काढून पाहिला. पाटलांकडे जाऊन म्हणाले, “दावा नको. गेट परत लावू, शेजपाळीनं पाणी घेऊ. तुमच्या वाट्याचं तुम्हाला मिळेल, फक्त दुसऱ्याचं मिळणार नाही.” पाटलांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्याच आठवड्यात आपल्या सगळ्या फाइली दुसऱ्या वकिलाकडे नेल्या. जमिनीच्या मोजणीच्या, वाटणीच्या, भाच्याच्या अपघाताच्या, सगळ्या. मनाई हुकूमही मिळाला. मसुदा बहुतेक धाकट्यांचाच होता, वकील तेवढा बदलला होता.

मुंबईच्या मुलाखतीत पहिला प्रश्न आला, “पाटील तुमच्याबरोबर आहेत का?” तिकीट दुसऱ्याला गेलं. तो निवडून आला की पडला, त्याच्याशी या गोष्टीला कर्तव्य नाही. फ्लेक्स मात्र बरेच दिवस राहिले. पुढं कुणीतरी ते काढून गोठ्यावर टाकले, आणि धाकट्यांचे जोडलेले हात त्या उन्हाळ्यात म्हशींना सावली देत राहिले.

पाणीवाटपासाठी शेतकऱ्यांच्या संस्था असाव्यात, असा कायदा महाराष्ट्रात 2005 ला झाला. त्याप्रमाणे या चारीवरही पाणी वापर संस्था होती. कागदोपत्री. तिची निवडणूक लागली तेव्हा अर्ज भरायला कुणी येईना. कारण तिथं ना गाडी, ना भत्ता, वर शिव्या. धाकट्या वकिलांनी मधल्या भागातून अर्ज भरला. बार रूममध्ये हशा झाला. “विधानसभेची तयारी करून चारीवर आले,” कुणी म्हणालं. थोरल्यांनी पेपरमधून डोकं वर काढलं नाही.

कायद्यात संचालक वरचे, मधले आणि खालचे असे सारखे घ्यावे लागतात. वरच्यांची जमीन जास्त असली तरी डोकी खाली जास्त होती. धाकटे अध्यक्ष झाले. त्यानंतरची त्यांची वकिली बघण्यासारखी होती. पाटलांच्या दाव्यात त्यांनी संस्थेलाच पक्षकार करून घेतलं आणि आपणच कैफियत दाखल केली. कैफियतीबरोबर मामांच्या पिशवीतल्या सगळ्या पावत्यांच्या झेरॉक्स जोडल्या, तो पिवळा अंगठाही आला. स्वतःच लिहिलेला दावा खोडणं सोपं नसतं, पण त्याच्या फटी त्यांच्याइतक्या कुणाला माहीत नव्हत्या. मनाई उठली. बांधावरची गोणपाटं काढून गेट पुन्हा बसवलं. बाभळी तोडायला खालचे लोक कुऱ्हाडी घेऊन आले आणि मधलेही आले. वरच्यांपैकी दोघं आले, तेही पाटील गावाला गेलेले बघून.

पुढच्या रब्बीला पाळी टेलपासून सुरू झाली. आधी शेवटचा, मग त्याच्या वरचा, असं करत वर यायचं. पहिल्या रात्री पाणी मध्येच अडलं, खेकड्यांच्या बिळांनी निम्मं पिऊन टाकलं. माती भरून पुन्हा सोडलं. मामांचे सगळे वाफे भिजले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. त्यांना दिवसाउजेडी पाणी धरायची सवय नव्हती. बारं देताना एक वाफा फुटलाच.

पाळी वर सरकत सरकत पाटलांच्या शिवेला आली आणि थांबली. पाटील कोर्टात आले. या वेळी बार रूमच्या बाहेर, चहाच्या टपरीपाशी उभे राहिले.

“वकीलसाहेब, माझी पाळी अडवलीय म्हणे.”

“अडवली नाही. तुमचा अर्जच नाही.”

“अर्ज?”

“नमुना नंबर सात. पाणी मागायचा अर्ज. तुमच्या नावावर आजपर्यंत एकही नाही.”

पाटलांनी कधी पाणी मागितलंच नव्हतं. ते नुसतं घेत आले होते. त्यांनी तो कागद हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. गट नंबर, क्षेत्र, पीक, कुठल्या हंगामासाठी. ऊस, हळद, केळी अशी यादी आत्मविश्वासानं सुरू झाली आणि क्षेत्राच्या रकान्याशी अडली, कारण खरं क्षेत्र लिहिलं तर पट्टी वाढत होती आणि खोटं लिहावं तर समोर वकील बसला होता. शेवटी धाकट्यांनी पेन काढलं आणि टपरीच्या बाकड्यावर बसून पाटलांचा अर्ज स्वतः भरून दिला.

“सही करा.”

पाटलांनी सही केली. खिशाला हात घालत म्हणाले, “फी किती?”

“फी नको. मागची थकबाकी आहे, तेवढी भरून या. खिडकी दोनला बंद होते.”

“आणि फाइली?” पाटलांनी जाता जाता विचारलं. “मोजणीची तारीख पडलीय. तो नवा वकील कुठं लक्ष देत नाही.”

“आधी थकबाकी भरून या,” धाकटे वकील म्हणाले, आणि टपरीवाल्याला दोन चहा सांगितले.